यूनिसची खाट

आमच्या ला ब्रेआ गावच्या डांबरावर लंडनचे साहेब चालले, न्यूयॉर्कच्या मोटारी धावल्या. ते गावाशेजारच्या डांबराच्या तळ्यातून खणून काढण्यात आमच्या शेजारच्या गिटन्सची उमर गेली. त्याचा त्याला कोण अभिमान! मी सायकलवरून निघाले की ओट्यावरून ओरडायचा, "सांभाळून गं, सोनमती! माझ्या रस्त्यावर थुंकू नकोस!"

तळ्याची तऱ्हा अशी, की आज खणलेला खड्डा चार दिवसांत आपोआप भरून येतो. गिटन्स म्हणायचा, "देवाचं दुकान आहे ते. माल संपतच नाही."

पण गावाखालीही डांबरच. ते सरकतं आणि घरं कलतात. आम्ही त्याचा बाऊ करत नाही. दार अडलं की खालून तासायचं, टेबल कललं की उंच बाजूचे पाय कापायचे. गिटन्सनं बायकोच्या, यूनिसच्या, खाटेचे उशाकडचे पाय असे कापत कापत पार वीतभर केले होते.

मग यूनिसचं एक अंग लुळं पडलं. मुलगी मार्व्हा सान फर्नांडोहून न्यायला आली. तिथं तिचं पक्कं सिमेंटचं घर. यूनिस हलायला तयार नाही.

"गिटन्स, मला माझ्या खाटेवर मरू दे. एवढंच मागते."

"मरायची घाई कशाला? घर सरळ करतो की!"

घराचे मागचे खांब तडकले होते. त्यानं गल्लीला हाक दिली. आमच्याकडे घर उचलायला सगळी गल्ली येते, घरमालकानं फक्त जेवू घालायचं. जॅक लावून घर उचललं, नवे खांब घातले आणि मासे-भात खाऊन मंडळी पांगली. आतून यूनिसची हाक आली. जमीन सपाट झाली होती, त्यामुळे खाट उशाकडे कलली होती आणि बिचारी डोकं खाली, पाय वर अशी पडली होती.

"घर सरळ केलंस रे, आणि मला उलटं टांगलंस!"

आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली. गिटन्सनं आखूड पायांखाली लाकडाच्या चकत्या सारल्या.

पाऊस सुरू झाला तसं घर पुन्हा कलू लागलं. खाट सपाट ठेवायला तो एकेक चकती काढू लागला. शेवटची काढली त्या दिवशी मी तिथंच होते. माझं तोंड फटकळ.

"अरे, कसलं देवाचं दुकान? ते खड्डे भरतात कुठून? आपल्याच घराखालचं ओढून घेतंय तळं!"

चकती हातात घेऊन तो जमिनीवरच बसला.

"म्हणजे मीच खणलं," एवढंच म्हणाला.

आठवड्यानं मागचा खांब मोडला. भिंत उसवली, बाहेर काढताना खाट दारात अडकली. ती तिथंच सोडून आम्ही यूनिसला चादरीच्या झोळीतून गाडीत घातलं. गिटन्स तिच्याकडे बघेना.

मार्व्हाकडे ती फार दिवस काढू शकली नाही. मी भेटायला गेले होते. गुळगुळीत फरशी, नवीकोरी खाट, एका रेषेत सपाट. तिच्यावर यूनिस चालत्या हातानं काठ घट्ट धरून पडली होती.

"सोनमती, मला धर गं. मी घसरतेय."

गेली तेव्हाही तिची बोटं काठावरून सुटेनात. गिटन्सनं ती एकेक करून सोडवली.