बाईच्या हातचं पाणी

११ मार्च १७२९. सकाळी गारा. स्वयंपाकघरातल्या धुराड्याची काजळी काढून घेतली. बिशपसाहेबांकडचे रेव्हरंड विनयार्ड दुपारी जेवायला येणार. मटण भट्टीत आहे. नॅट अजून वरच. आज त्याने सही केली नाही तर मी त्याच्याशी बोलणार नाही.

एवढं लिहून डॉर्कस सग्डेनने वही मिटली आणि जिन्याखालून ओरडली, "खाली ये रे! साहेब आल्यावर दाढी करणार आहेस का?"

नॅट तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण त्याच्या जन्मानंतर चौथ्या दिवशी गेली, आणि बाळंतपणासाठी आलेली विधवा डॉर्कस चोवीस वर्षं इथेच राहिली. जानेवारीत नॅटचा बाप, गावचा पाद्री एमॉस हॉयल, वारला. घर पाद्र्याचं. नॅटने धर्माची कलमं आणि प्रार्थनेचं पुस्तक मान्य असल्याची सही केली, तर बापाची जागा त्याला मिळणार आणि घर राहणार. नाहीतर पंचवीस तारखेला बाहेर. आणि केंब्रिजला शिकून आलेला हा दिवटा म्हणत होता, माणसं कायमची नरकाच्या आगीत जळतात असं मी लिहून देणार नाही!

जेवताना विनयार्डसाहेबांनी कागद पुढे सरकवला. नॅटने हात मांडीवरून हलवला नाही.

"अहो हॉयल," साहेब हसले, "यातलं अक्षर न् अक्षर मी तरी कुठे मानतो? रीत असते. सही करायची आणि पुडिंग खायचं."

डॉर्कसच्या हातातला डाव थांबला. "नुसती रीत?"

"नुसती रीत, बाई."

नॅटच्या आधी एक मुलगी जन्मली होती. जुळी. तिचा श्वास लागला होता आणि एमॉस माळापलीकडे कुणा मरणाऱ्याकडे गेला होता. डॉर्कसने तिच्या कपाळावर पाणी घातलं, बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले, टेमर नाव ठेवलं. पोर तासाभरात गेली. एमॉस आला आणि म्हणाला, "बाईच्या हातचं पाणी चालत नाही. हिचा बाप्तिस्मा झालेला नाही." पोटच्या पोरीला पुरतानाही त्याने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं नाही. फास लावून घेतलेल्यांना पुरतात त्या उत्तरेच्या भिंतीशी डॉर्कसने गोठलेली माती एकटीने खणली. तो दारातून बघत राहिला.

तिने डाव आपटला. रस्सा साहेबांच्या बाहीवर उडाला.

"मग हे चोवीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं का नाही? तुमच्यासाठी रीत, आणि माझ्या पोरीसाठी कायदा? तिला दोन ओळी वाचल्या असत्या तर तुमचं काय झिजलं असतं?"

"बाई, कोणती पोर? जुन्या गोष्टी आता—"

"जुन्या? नॅटच्या जुळ्या बहिणीला मी उत्तरेच्या भिंतीशी पुरलं, रोज तिथूनच पाणी आणते!" तिने कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि त्यांच्या कोटाच्या खिशात कोंबला. "टोपी खुंटीवर आहे. घोडा मागच्या बाजूला."

साहेब गेले. नॅट तिच्याकडे वळला. "मावशी, मला बहीण होती?"

"होती. आणि तू गप्प बस. तुझ्यावरचा राग गेलेला नाही माझा. तुझं मन स्वच्छ राहिलं. भांडी डोक्यावर घेऊन मी कुठे जायचं?"

"हॅलिफॅक्सला खोली घेऊ. मी रोगी बघेन. औषधाची विद्या थोडी येते."

"तुझ्याकडे कोण येणार? दाढी करताना स्वतःला तीन ठिकाणी कापून घेतोस!"

तो उठला. "जागा दाखव मला."

ती पुढे चालू लागली, भिंतीपर्यंत त्याला, त्याच्या बापाला, बिशपला आळीपाळीने शिव्या घालत. तिथे पोचल्यावर तिने बोट दाखवलं. नॅटने प्रार्थनेचं पुस्तक आणलं नव्हतं. त्याने टोपी काढली, मोठ्याने "टेमर हॉयल" म्हटलं आणि गुडघ्यावर बसून हाताने तिथलं झोंबणारं आग्याचं तण उपटू लागला. हात भाजले तरी थांबला नाही. डॉर्कसने त्याला थांबवलं नाही.

संध्याकाळी तिने वहीत एवढंच लिहिलं: ओटच्या पिठाच्या पेटीला उंदरांनी भोक पाडलं होतं. फळी ठोकली.