स्वच्छ धुतलेला स्पंज

पाणी शुद्ध कसं करावं, हे गावोगाव जाऊन सांगण्याचा मी पगार घेतो. जंतू मारायला विहिरीत, टाकीत टाकायची ती उग्र वासाची टीसीएल पावडर माझ्या ओळखीची. त्यामुळे मुलगी शिकायला सांगलीला गेली आणि साताऱ्याच्या घरात तिने मागे ठेवलेल्या फिशटँकचा फिल्टर बंद पडला, तेव्हा नवा आणणं मला कमीपणाचं वाटलं. दोन गोल्डफिशसाठी दुकानात जायचं? घरात एवढा तज्ज्ञ असताना?

पाण्याची बाटली कापली. तळाला खडे, वर नवा स्पंज, मधून हवेच्या पंपाची नळी. बुडबुडे वर आले की पाणी स्पंजातून ओढलं जायचं. पाणी नितळ झालं आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला टँकसमोर उभं करू लागलो. बायकोने दोनदा कौतुक केलं. तिसऱ्यांदा ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

खरे प्रेक्षक म्हणजे आप्पा, माझे वडील. म्हसवडकडे जन्मभर मेंढरं राखली. गुडघे गेल्यावर मी त्यांना सांभाळायला इथे आणलं, म्हणजे खुर्चीत आणून ठेवलं. दिवसभरात त्यांना एकच काम होतं, सकाळी माशांना चिमूटभर खाणं टाकणं.

महिन्याभरात स्पंजावर तपकिरी, बुळबुळीत थर बसला. माझ्यासारख्याच्या घरात हे शोभतं का? आप्पा म्हणाले, "राहू दे की रं. तळ्यातलं शेवाळ कोन खरवडतंय व्हय?" मी हसलो, जंतू म्हणजे काय ते त्यांना सविस्तर समजावलं आणि टीसीएलच्या पाण्यात स्पंज पांढराशुभ्र केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मासा उलटा तरंगत होता, दुसरा वर येऊन धापा टाकत होता. त्याला बादलीत हलवला, म्हणून तो वाचला. स्पंजातले जंतूच पाणी साफ ठेवत होते, हे मी नंतर वाचलं. आधीचा वेळ समजावून सांगण्यात गेला होता.

मुलीचा फोन आला. मी म्हणालो, आप्पांच्या हातून खाणं जास्त पडलं. आप्पा समोरच बसले होते.

दिवाळीला आल्यावर तिने त्यांनाच विचारलं. "व्हय पोरी," ते म्हणाले, "म्हातारा हात, अंदाज ऱ्हात न्हाई." ती रागावली नाही. खाण्याची डबी तिने फक्त कपाटावर ठेवली आणि आता बाबा घालतील म्हणाली. बाबा तेव्हा फिल्टरची नळी सरळ करत होते. ती सरळच होती.

ती परत गेल्यावर मी डबी काढून आप्पांच्या हातात दिली. स्पंज मी धुतला होता, चूक माझी, असं एकदाचं बोललो.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "पर पोरीनं नको म्हटलंय न्हवं? आधी तिला सांग."

बंद डबी मांडीवर ठेवून ते माझ्याकडे बघत बसले. साताऱ्याहून सांगलीला फोन लागत नाही, ही सबब मलासुद्धा सांगता येण्यासारखी नव्हती. मी नंबर लावला.