सुनीताताईंची अकरा ओळींची नोट

सुनीताताई काल गेल्या, आणि आज कंपनीने त्यांच्याविषयी खोटं छापलं.

शोकसंदेशात लिहिलंय, "आमच्या हरित प्रवासाच्या मार्गदर्शक. वैयक्तिक कारणांमुळे नोकरी सोडली होती."

कारण वैयक्तिक नव्हतं. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचो.

सुनीता मेश्राम, एकोडीच्या. आमच्या लोखंडाच्या कारखान्यात अकाउंट्सच्या हेड. सगळ्यांच्या ताई.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक टन माल काढताना किती कार्बन हवेत सोडायचा, याची मर्यादा आता सरकार ठरवून देतं.
कमी सोडला तर सर्टिफिकेट मिळतात, ती विकता येतात. जास्त सोडला तर विकत घ्यावी लागतात.

आम्ही जास्त सोडला होता. कोळशाचे आकडे ताईंनी स्वतः भट्टीवर जाऊन तपासले होते.

मग वार्षिक अहवालासाठी त्यांनी अकरा ओळींची नोट लिहिली. मर्यादा ओलांडली आहे, सर्टिफिकेट घ्यावी लागतील, त्यासाठी तरतूद केली आहे.
एवढंच.

नागपूरहून मोठे साहेब आले. त्यांचं म्हणणं, बाजार अजून सुरू नाही, भाव ठरलेला नाही, मग लिहायची गरज काय.

ताई म्हणाल्या, "साहेब, भाव माहीत नाही तर 'भाव माहीत नाही' असंच लिहू. पण घ्यावं लागते, हे तर माहीत आहे ना?"

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि नोट काढून टाकायला सांगितलं.

आणि राग कशाचा येतो सांगू? त्याच अहवालात, पहिल्याच पानांवर, आमच्या दुसऱ्या युनिटला मिळणारी सर्टिफिकेट रंगीत चौकटीत होती. "अपेक्षित उत्पन्न" म्हणून. रकमेसकट.

विकायच्या सर्टिफिकेटचा भाव यांना माहीत होता. घ्यायच्या सर्टिफिकेटचा नव्हता.

नोटेशिवायच्या अहवालावर ताईंनी सही केली नाही.

नोट फाइलमधून काढायचं काम माझ्याकडे आलं.
मी काढली. ताई जेवायला गेल्या होत्या तेव्हा. नोकरी जाईल या भीतीने.

त्यांना कळलं. माझ्या टेबलाशी आल्या. आवाज चढवला नाही.
"तू घाबरला, समजते मले. पण कागदावरून काढलं म्हणून हवेतून नाही निघत रे ते."

त्याच आठवड्यात त्यांची बदली स्टोअरला. अकाउंट्सची हेड बाई ग्रीसचे डबे मोजत बसली. तीन महिने सहन केलं, मग राजीनामा दिला.

नंतर साकोलीला कॉमर्सच्या मुलांना शिकवायच्या. मग आजार निघाला.

आज एकोडीला गेलो होतो. कंपनीकडून हार आला होता. माणूस कोणी नव्हता.

अंत्यविधी आटोपल्यावर भाऊजींना, म्हणजे ताईंच्या मिस्टरांना, सगळं सांगितलं. नोट मी काढली, हेही.



"तिनं घरी कोणाचंच नाव नाही घेतलं," ते म्हणाले. "मले वाटे, तिच्याच हातून काही चुकलं असन."

इतके दिवस नवऱ्याच्या मनातही हा संशय राहिला. तो आम्ही पेरला.

नाही भाऊजी. ताईंचा एक आकडाही चुकला नव्हता.

ताई, तुम्हाला अखेरचा जय भीम.