ढगांचं फोल्डर

कम्युनिटीतल्या फोटो स्टुडिओवाल्यांनो, बॅकग्राउंडची फोल्डरं तुमच्याकडेही असतीलच. माझ्याकडे लग्नाचं वेगळं, बारशाचं वेगळं, आणि गेलेल्या माणसांसाठी ढगांचं वेगळं.

आज सकाळी घोटीकडचे एक बाबा आले. बायकोच्या दहाव्याला तिचा फोटो मोठा करून हवा होता. तिचा तो एकच फोटो, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी खाचरात काढलेला. मी स्कॅन केला, तिला कापून घेतलं आणि नेहमीसारखे मागे ढग टाकले.

बाबा स्क्रीनजवळ वाकले. मग म्हणाले, "लय चांगलं केलं भाऊ. पण तिथं तिच्या वळखीचं कोन हाय?"

मी ढग काढले आणि खाचर परत आणलं. फोटोच्या कडेला रोपांची जुडी धरलेला कुणाचा तरी अर्धा हात होता. सवयीने तो पुसायला घेतला.

"तो ऱ्हाऊ द्या," बाबा हळूच म्हणाले. "माझा हाय."

प्रिंट घेऊन ते गेले. त्यानंतर आज कामात लक्षच नाही.

कडेला आलेले असे हात आपण रोज पुसतो. ते कुणाचे आहेत, हे तुमच्यापैकी कुणी कधी विचारलंय का?