न फवारलेली ओळ

चाकणच्या एका कंपनीत एक शेतकरी गाड्यांना रंग मारतात. पहिली शिफ्ट सुटली की पाठीवर पंप घेऊन आपल्या हरभऱ्यावर सूक्ष्म अन्नद्रव्यं फवारतात, तीही रंगासारखीच, पातळ आणि सारखी. "ओघळ आला की काम वाया गेलं, राव."

फरक कळावा म्हणून एक ओळ दरवर्षी तशीच सोडतात. एरवी ती खुरटी राहते. यंदा तीही इतरांसारखीच घाट्यांनी लगडली. गावातल्या चौघांना फवारायला यांनीच लावलेलं. दुसरा कोणी गप्प बसला असता. यांनी त्या चौघांना बांधावर बोलावलं, रस्त्यानं जाणाऱ्या मलाही.

"बघा, यंदा आपलं औषध फुकट गेलं!" चेहरा मात्र बक्षीस लागल्यासारखा.

"मग पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"फवारणार की. अन् एक ओळ सोडणार."