पीठ सरतं, पूर ओसरतो

एक वाक्य छान दिसावं म्हणून मी एका अख्ख्या गावाला चार दिवस पाण्यावाचून ठेवलं होतं. हे आधीच कबूल करून टाकते. म्हणजे पुढे मी गुरुजींची थट्टा करायला लागले, तर थट्टा खरी कुणाची करायची ते तुमच्या ध्यानात राहील.

गुरुजी म्हणजे आमच्या कचेरीतले अव्वल कारकून. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. पण कुणी नुसतं 'कमी झालं' म्हणालं, की ते हातातलं पेन खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "कमी झालं, म्हंजे कसं कमी झालं?" एवढ्यावरून ते सगळ्या कचेरीचे गुरुजी झाले.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. रोज एक नवी कचेरी उघडायची आणि खुर्च्यांच्या आधी माणसं येऊन उभी राहायची. अशाच एका कचेरीत मी टायपिस्ट म्हणून लागले. कोणत्या, ते सांगत नाही. पेन्शन चालू आहे. बावीस वर्षांची, नांदेडहून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. आपल्याला इंग्रजी येतं हे समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे, याची मी स्वतःच तजवीज करायची. शिपायाला 'थँक्यू' म्हणायची. तो बिचारा दोनदा विचारायचा, "काय आणू बाई?"

गुरुजी देगलूरकडचे, निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. इंग्रजी शिकले ते तिशीनंतर, एका जाडजूड डिक्शनरीतून. तिला बायकोने जुन्या लुगड्याचं कव्हर शिवून दिलं होतं. त्यांचे उच्चार ऐकून मला हसू यायचं, आणि ते लपवावं एवढी अक्कल मला नव्हती.

त्या साली पाऊस आला तसाच गेला. आमचे साहेब बाहेरच्या प्रांतातले. मराठी बोलायचे बऱ्यापैकी, पण वाचताना अडखळायचे. म्हणून दर सोमवारी अकरा गावांच्या विहिरींचं एक पानभर इंग्रजी टिपण त्यांच्या टेबलावर जायचं. लिहायचे गुरुजी, टाइप करायची मी. टँकर कुठे धाडायचा हे साहेब त्यावरून ठरवायचे.

आता एका पानाच्या टिपणासाठी माणसाने किती हिंडावं? गुरुजी दप्तरात एक सुतळी ठेवायचे. हाताहाताच्या अंतरावर गाठी, टोकाला दगड. एसटीने पाळीपाळीने एकेका गावाला जायचे, संध्याकाळी बायांचं पाणी भरून झालं की सुतळी विहिरीत सोडायचे, तिथेच कुणाच्या ओसरीवर पडायचे आणि पहाटे, कुणी घागर घेऊन यायच्या आत, पुन्हा सुतळी सोडायचे.

"दोनदा कशाला?" मी एकदा विचारलं.

"ऱ्हायलेलं पाणी संध्याकाळी दिसतंय. येणारं पाणी सकाळी दिसतंय. दोन्ही बघितल्याबिगर शब्द कसा निवडावा, बाई?"

त्यांचे शब्द ठरलेले होते. पातळी खाली गेली, पण पहाटेपर्यंत विहीर भरून येते, तर डिक्रीज. रोज पहाटे कालच्यापेक्षा जरा कमी भरते, तर ड्विंडल. होतं ते उपसून झालं, आता आत काही येत नाही, तर डिप्लीट. तळ्याचं पाणी काठ सोडून मागे सरकलं, तर रिसीड. आणि अबेट म्हणजे निवळणं. ते तापासाठी, वादळासाठी आणि घरच्या रागासाठी. "पानी अबेट झालं म्हणू नये," ते म्हणायचे. "पानी काय संकट हाय व्हय?"

कचेरीभर त्यांचे हे शब्द फिरायचे. चहावाल्याला सांगायचे, "साखर डिक्रीज कर, पार डिप्लीट नको." केस मागे हटलेल्या स्वतःच्या कपाळावरून हात फिरवून म्हणायचे, "हे आपलं रिसीड." मी मनात म्हणायची, काय हा माणूस! कॉलेजात आम्हाला हे सगळे समानार्थी म्हणून एका ओळीत पाठ करायला लावले होते.

एकदा न राहवून तसं म्हणालेसुद्धा. "गुरुजी, सगळ्यांचा अर्थ एकच. कमी होणे."

चष्मा कपाळावर गेला. "दूध आटतं. पूर ओसरतो. पीठ सरतं. वहाण झिजती. तुमची आई कधी म्हणली का, डब्यातलं पीठ ओसरलं म्हणून?"

"नाही."

"मग इंग्रजीलाबी कुणाची तरी आई आसंल की."

मी हसले. कळलं म्हणून नव्हे, विनोद वाटला म्हणून.

एका सोमवारी गुरुजींना पहाटेचीच गाडी धरायची होती. टाइप झालेलं वाचायला ते थांबू शकत नव्हते. म्हणून शनिवारी संध्याकाळीच त्यांनी कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करून तो माझ्याकडे दिला. "मसुदा हाय तसा मारा," एवढंच म्हणाले.

मसुद्यात अकरापैकी पाच गावांपुढे 'डिप्लीटेड' होतं. एकाखाली एक, पाच वेळा. आमच्या प्राध्यापकांनी शिकवलं होतं की एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरणं हे दरिद्री भाषेचं लक्षण. मला गुरुजींची दया आली. मी तीन गावांना तोच शब्द ठेवला, एकाला 'एक्झॉस्टेड' दिलं आणि निलंग्याकडच्या एका गावाला नाजूकसं 'डिमिनिश्ड'. पान काय सुरेख दिसत होतं! सही तर खाली होतीच.

साहेबांना गुरुजींच्या शब्दांची सवय झालेली. 'एक्झॉस्टेड' त्यांनी ओळखलं. 'डिमिनिश्ड', म्हणजे नुसतं कमी झालेलं, वाचून त्यांना वाटलं, विहिरीला थोडं पाणी लागलं असावं. त्यांनी त्या गावचा टँकर दुसरीकडे वळवला.

चौथ्या दिवशी पंधरा-वीस बाया रिकाम्या घागरी घेऊन आमच्या व्हरांड्यात येऊन बसल्या. ओरडल्या नाहीत. घागरी फरशीवर पालथ्या घातल्या आणि बसल्या.

गुरुजींनी टिपणाची कचेरीतली प्रत काढली. वाचली. माझ्याकडे एकदा बघितलं. तेवढ्यात साहेब बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, हे असं कसं झालं?

"सही माझी हाय, साहेब," गुरुजी म्हणाले.

त्यांची बढती दोन वर्षं पुढे गेली. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. कितीतरी वर्षांनी ते गेल्याचं कळल्यावर मी देगलूरला त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या बायकोने, काकूंनी, बोलता बोलता सांगितलं. म्हणाल्या, "का रोखली, कोण जाणे. यांनी कधी बोलूनच दाखवलं नाही." मी समोरच्या चहाकडे बघत बसले. त्या वयातही तोंड उघडलं नाही माझं.

त्या दिवशी मात्र मी शूरपणा केला होता. बाया बाहेर बसलेल्या असताना मी आत राजीनामा टाइप केला आणि गुरुजींच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"राजीनामाबी सुंदर लिव्हलाय," ते म्हणाले. घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला. "चला. टँकर निघून राहिलाय."

टँकरच्या केबिनमध्ये ड्रायव्हर, गुरुजी आणि दाराशी मी. निलंग्याच्या रस्त्यावर धूळच धूळ.

गावात विहिरीवर गेल्यावर त्यांनी सुतळी माझ्या हातात दिली. मी सोडली. गाठी बोटांतून सरकत गेल्या, सरकत गेल्या, आणि दगड खाली खडकावर वाजला. ओली गाठ एकही नाही. मग टँकरचा पाइप विहिरीत सुटला आणि बायांची झुंबड उडाली.

कडेला एक म्हातारी आपली पाळी येण्याची वाट बघत उभी होती. तिची सून बाळंतीण होती. चार दिवस ही बाई नदीच्या वाळूत झिरा खांदून वाटीवाटीने पाणी आणत होती. बाळाला अंघोळ नव्हती, ओल्या फडक्याने पुसत होते. हे ती तक्रार म्हणून नव्हे, वेळ जावा म्हणून सांगत होती.

गुरुजी पलीकडे पाठमोरे उभे होते. ती कोरडी सुतळी गुंडाळायला त्यांना फारच वेळ लागत होता.

मी म्हातारीला म्हणाले, "मावशी, टँकर माझ्यामुळे चुकला. मी कागदावर भलतंच लिहिलं." आणि रस्त्यावर हरवलेल्या पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागले.

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग पदराच्या टोकाने माझं तोंड पुसलं, चांगलं खसखसून, आणि म्हणाली, "आगं ये, गप. हितं चार दिसानं पानी आलंय, अन् तू आपली सांडून राहिली."