आई पहिल्या पंगतीला

आमच्या घरात नैवेद्याचं जेवण चाखत नाहीत. देवाच्या आधी जिभेला लावलं की ते उष्टं झालं. मग मीठ कसं कळायचं, असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. तिने पातेल्यावरचं झाकण काढून वाफ नाकात ओढली आणि आणखी चिमूटभर मीठ टाकलं. तिचा अंदाज कधी चुकला नाही. चुकला असता तरी आम्हाला बोलता आलं नसतं, कारण दुसरा नियम असा की देवापुढे ठेवलेल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत आणि पानात काही टाकायचं नाही. हे दोन नियम एकमेकांना भेटले की काय होतं, ते गेल्या वर्षी नव्याच्या दिवशी कळलं.

नवं म्हणजे नवान्न. कोजागिरीला सगळे दूध आटवायच्या मागे असतात, आमच्याकडे मात्र त्या दिवशी मान नव्या तांदळाचा. पाऊस सरला, शेत पिकलं, घरात दाणा आला, म्हणून देवाचे आणि जमिनीचे उपकार मानायचे. सकाळी भाताची लोंबी, आंब्याचं पान, झेंडू आणि कुर्डूचं फूल यांची जुडी बांधून ती दाराला लावायची. या जुडीलाही नवंच म्हणतात. दुपारी नव्या तांदळाचा भात, खीर, हळदीच्या पानातले पातोळे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी आणि वडे. हे सगळं आई एकटी रांधायची आणि मदतीला गेलेल्या माणसाला विळीपुढे बसवून गप्प करायची.

गेल्या वर्षी पहिल्या पंगतीला तिघं होते. लोट्याला केमिकल कंपनीत असलेला माझा भाऊ, आमचं शेत कसणारा चुलत भाऊ आणि आत्या, म्हणजे बाबांची बहीण. बाबा गेल्यापासून घरातल्या रीतिभातींचा कारभार आत्याकडे आहे आणि ती तो सासरी राहून चालवते. वाढायला मी आणि वहिनी. भावाने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मिरची लागली. मग चुलत भावाने अख्खा तांब्या तोंडाला लावला. सांबाऱ्यात मीठ पडलं होतं असं म्हणण्यापेक्षा मिठात सांबारं पडलं होतं म्हणणं बरं. भाजीचं तेच. खिरीतसुद्धा मीठ होतं.

आत्याला रक्तदाब आहे, डॉक्टरने पापडसुद्धा बंद केलाय. तिने डोळे मिटून एकेक घास गिळला आणि पान स्वच्छ केलं. नियम तिचेच होते, करते काय. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, पदराने हात पुसत. आणखी हवंय का विचारत होती आणि नको म्हटलं तरी वाढत होती.

मग आम्ही बायका बसलो. आई नेहमीसारखी सगळ्यांत शेवटी. ती तेच सांबारं भातावर घेऊन सावकाश जेवली, बोट फिरवून पान पुसलं आणि म्हणाली, "बरं झालंय न्हवं गो?" मी म्हटलं, झालंय. मीठ कोणाच्याही हातून जास्त पडतं. पण तिला ते लागलंच नव्हतं. मला तेव्हा जी भीती वाटली, ती पुढे डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं तेव्हाही वाटली नाही.

डॉक्टर म्हणाले, लहान मुलासारखं सांभाळा. मला राग आला. लहान मूल रोज एक गोष्ट शिकतं, ही रोज एक गोष्ट विसरणार होती. आधी शेजारणींची नावं गेली. मग बाबा गेलेत हे गेलं, आणि ती त्यांच्यासाठी चहा ठेवायला लागली. मी भाट्याच्या खाडीपुलाअलीकडे, रत्नागिरी शहरात राहते, ऑफिस सुटल्यावर स्कूटर काढून रोज तिच्याकडे जाते. दिवसा शेजारची एक काकू बघते. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तसाच चालू राहिला, तेव्हा भावाने फोनवर सांगून टाकलं की आता आईला लोट्याला नेतो. त्याची दोन खोल्यांची जागा तिसऱ्या मजल्यावर, खाली कंपनीच्या बसेस, वारा फिरला की औषधाच्या बाटलीसारखा वास. मी म्हटलं, तिथे ती महिनाभरात सगळंच विसरेल. इथे निदान आपलं घर ओळखते. अंधारात विहिरीवर जाईल आणि ठेच लागणार नाही. तो म्हणाला, "तू म्हणतेस म्हणून. नव्याला येतो, बघतो. घर ओळखत असेल तर राहू दे." तो चिडून बोलला नव्हता. रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या दमलेल्या आवाजात बोलला, म्हणून मी बरं म्हटलं.

तेव्हा यंदाचं नवं म्हणजे आईची परीक्षा होती आणि ती पास व्हावी म्हणून मी कंबर कसली. आठवडाभर आधीपासून फोन सुरू झाले. भाऊ म्हणाला, रत्नागिरीतून जेवण मागवू. मी विचारलं, देवाला काय पार्सल दाखवणार? वहिनी म्हणाली, मी रांधते. वहिनी चांगली आहे, पण ती घाटावरची, तिच्या सांबाऱ्याला शेंगदाण्याचं कूट लागतं. शेवटी रांधायचं माझ्याकडे आलं. प्रश्न राहिला आईचा. स्वयंपाकघरात ती असली तर मीठ टाकणार आणि बाहेर काढली तर तिला कळणार की आपल्याला काढलं.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. मी म्हटलं, आई जन्मभर शेवटच्या पंगतीला जेवली, गार भात आणि उरलेली भाजी. यंदा तिला पहिल्या पंगतीला बसवू. मधल्या पाटावर, रांगोळी काढून. मान होईल आणि स्वयंपाकघरातून सुटकाही. भावाला पटलं. वहिनीचे तर डोळे भरून आले. आत्या तेवढी म्हणाली, "घरची बाय आधी जेवते काय गो कधी? आधी जेवतो तो पावणा." मी तिला फोनवर चार शब्द सुनावले, त्यात काळ बदलला वगैरे सगळं आलं. आत्या म्हणाली, "तुमचं घर, तुमचं नवं. मी आपली पानावर येते."

त्या दिवशी सकाळी आईने मला खोटं पाडलं नाही. चुलत भावाने लोंब्या आणून ओट्यावर टाकल्या आणि मी काही सांगायच्या आत ती खाली बसली. लोंबी, पान, फूल, वर सुतळीचा फेरा आणि गाठ. तिची बोटं अशी चालली होती की भाऊ मोबाइल खिशात ठेवून बघत राहिला. दाराला, विहिरीच्या रहाटाला, तांदळाच्या पिंपाला, सगळीकडे तिने स्वतः नवं बांधलं. दाराला बांधायला ती स्टुलावर चढली तेव्हा भावाने तिला धरलं होतं. मी भावाकडे बघून भुवया उडवल्या. तो हसला. मला वाटलं, गड जिंकला.

मग मी रांधलं. मिठाची बरणी आधीच कपाटावर लपवली होती. वाफ हुंगून बघितली, पुन्हा पुन्हा बघितली. मला फक्त हळदीच्या पानांचा वास येत होता. मीठ नाकाला कळतं हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले आणि माझ्या नाकाला काही कळेना. चाखायचं नाही. जास्त टाकायची तर गेल्या वर्षीपासून धास्ती बसलेली. मी हात आखडता घेतला.

आई दोनदा आत डोकावली. पहिल्या वेळी म्हणाली, "मी काय करू?" मी म्हटलं, काही नको, तू बस. दुसऱ्या वेळी तिने काही विचारलं नाही, नुसती उभी राहिली. वहिनीने तिला नवं पातळ नेसवलं, केसात अबोली माळली आणि बाहेर नेऊन बसवलं.

नैवेद्य झाला, पानं मांडली. आई मधल्या पाटावर, एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला दोघे भाऊ. आई बसायला तयार नव्हती, पुन्हा पुन्हा उठत होती. भावाने हाताला धरून बसवलं तेव्हा ती अंग चोरून बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. मी वाढत होते आणि खुशीत होते. पहिल्या घासालाच सगळ्यांची बोटं पानाच्या टोकाला वाढलेल्या मिठाकडे गेली. सांबारं अळणी, भाजी अळणी. आत्याने माझ्याकडे न बघता मीठ कालवून घेतलं. यंदा निदान तिच्या रक्तदाबाला बरं, असं माझ्या मनात आलं.

आईने मिठाला हात लावला नाही.

सुरुवातीला मी म्हटलं, चव कळत नाही तिला, दुसरं काय. पण मला काहीतरी आठवत होतं आणि ते काय हे खीर वाढेपर्यंत कळलं नाही. आई परक्याच्या घरी जेवायला गेली की मिठाला हात लावायची नाही. आम्हालाही चिमटा काढायची. मीठ घेतलं की रांधणारीला वाईट वाटतं, पुढ्यात येईल ते गोड मानून खावं. घरी मात्र आमच्या हातचं काही अळणी झालं की ती ताट सरकवायची.

मी खिरीचं पातेलं घेऊन तिच्यापुढे वाकले. तिने पानावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "पुरे हो. पोट भरलं."

हो, म्हणाली. मला, जिला ती जन्मभर गो म्हणत आली. मी वाकलेलीच राहिले. ती माझ्याकडे बघून छान हसली, लग्नघरी अनोळखी बायकांकडे बघून हसतात तसं. मग पान पुसलं, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि म्हणाली, "अन्नदाता सुखी भव."

हे शब्द आमच्या घरात कोणी म्हणत नाही. भाऊ शाळेत असताना कुठूनतरी शिकून आला होता आणि जेवण झाल्यावर मोठ्याने म्हणाला होता, तर आई केवढी चिडली होती. ते परक्याच्या घरी म्हणायचं, आपल्या घरात कोण कोणाचे उपकार मानतो, असं तिने त्याला सुनावलं होतं. भावाला ते आठवत असणार. त्याचा हात पानावरच राहिला होता.

आई उठली. म्हणाली, "येते हां. घरी नवं बांधायचं राह्यलंय. पोरं उपाशी असतील."

आत्या काहीतरी बोलेल आणि मला हवं तसं भांडता येईल, असं वाटलं. पण तिने तोंडाला पदर लावला होता. चूक माझी होती आणि ती कोणाच्या अंगावर ढकलायला जागा नव्हती. घरची बाई आधी जेवत नाही, हे आईला अजून पक्कं ठाऊक होतं. आपल्याला आधी बसवलं, चुलीपाशी येऊ दिलं नाही, म्हणजे हे घर आपलं नव्हे, एवढा सरळ हिशेब तिने केला होता. सांबारं नीट झालं असतं तरी हेच झालं असतं.

काकूने एक युक्ती सांगितली होती, की ती घरी जायचं म्हणाली तर अडवू नकोस, एक फेरी मारून परत आण. मी हात धुतले, आईच्या पुढ्यात चपला ठेवल्या आणि म्हटलं, चला, पोचवते. आम्ही मागच्या दाराने निघून माडांखालून विहिरीकडे गेलो. रहाटाला तिनेच बांधलेली जुडी होती. तिने ती बघितली आणि म्हणाली की या लोकांचं सगळं कसं वेळच्या वेळी असतं. माझा हात तिने धरला होता. मला इतकं रडू येत होतं की मी तिला माडांचे नारळ मोजायला सांगितले. ती मोजत राहिली, मी पुढे बघत चालत राहिले.

घराला वळसा घालून आम्ही अंगणात आलो. ओट्यावर भाऊ उभा होता, त्याच्या मागे वहिनी. आत कोणी जेवत नव्हतं. मला वाटलं होतं, पुढच्या दाराने आली की ओळखेल, हा उंबरा तिने आयुष्यभर सारवला, पुसला. ती पायरीपर्यंत बरोबर आली. चपला नेहमीच्या जागी, तुळशीच्या बाजूला काढल्या. दारावरच्या जुडीकडे मान वर करून बघितलं, पदर सारखा केला आणि तिथेच थांबली.

ती कशासाठी थांबली आहे ते मला कळत नव्हतं. भावाला कळलं. तो माझ्याकडे बघत राहिला, कारण तिला पोचवायला मी निघाले होते आणि आत बोलवायचंही मीच होतं. मी पायरी चढून उंबऱ्याच्या आत गेले, तिच्याकडे वळले आणि म्हटलं, "या."

मग ती आत आली.